वाचक विचारतात : उत्प्रेरक बदलत नाही, मग गॅस त्याचं करतो काय?

गेल्या अंकात अमोनिया प्लँटमधल्या उत्प्रेरकांबद्दल लिहिताना मी एक वाक्य लिहिलं होतं : ‘ड्रममधून येतो तो उत्प्रेरक नसतोच, तो व्हेसलमध्ये, गॅसच्या संगतीत तयार होतो.’ (व्हेसल म्हणजे ज्यात उत्प्रेरक भरून त्यातून गॅस सोडतात ती मोठी बंद टाकी.) बहुतेक सगळी पत्रं त्या एका वाक्यावर आली आहेत. कोकण किनाऱ्यावरच्या एका खत कारखान्यात मी 34 वर्षं काढली. त्यातली बरीचशी शिफ्टमध्ये आणि शेवटची काही उत्प्रेरकांची देखभाल पाहणाऱ्या विभागात. त्यामुळे उत्तरंही त्या व्हेसलांच्या आसपासचीच असतील.

प्रश्न : आम्ही दहावीला शिकवतो की उत्प्रेरकामुळे अभिक्रियेचा वेग बदलतो, पण त्याच्यात स्वतःमध्ये रासायनिक बदल होत नाही. तुमचा लेख वाचून एका विद्यार्थिनीने विचारलं, ‘बाई, मग खरं कुठलं?’ मी तिला काय सांगू? आणि वर्गात दाखवता येईल असं काही आहे का?
– विज्ञान शिक्षिका, चिपळूण

बाई, तुमच्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा. हा प्रश्न मला पडायला नोकरीतली पहिली चार वर्षं जावी लागली.

पुस्तकातली व्याख्या खरी आहे, पण ती एका फेऱ्याचा हिशेब सांगते. अष्टागरातल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत पूर्वी रहाट असायचे. रहाटाचं गाडगं रिकामं खाली जातं, भरून वर येतं, पाटात पाणी ओततं आणि पुन्हा रिकामं होऊन खाली जातं. फेरा पूर्ण झाला की गाडगं होतं तसं. उत्प्रेरकाचा अणूही असाच पूर्वस्थितीला येतो, म्हणून आपण ‘बदलत नाही’ म्हणतो. पण ते गाडगं कशाचं आहे, ते घडलं कसं आणि विहिरीत पाण्याऐवजी दुसरं काही आलं तर त्याचं काय होईल, हे व्याख्या सांगत नाही. कारखान्यात आमचा सगळा जीव त्या न सांगितलेल्या भागातच अडकलेला असतो.

लोखंडाचं उदाहरण घेऊ, कारण एकाच प्लँटमध्ये ते दोन ठिकाणी, दोन अगदी उलट्या रूपांत लागतं.

अमोनिया कन्व्हर्टर, म्हणजे नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करणारं व्हेसल. त्यात भरायला जो माल येतो तो काळा, जड, काचेसारखा कडक खडा असतो. तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. त्यात थोडं ॲल्युमिना, थोडं पोटॅश, थोडा चुना घालून भट्टीत वितळवून, गार करून फोडलेला. ही कृती शंभरेक वर्षांपूर्वीची आहे. जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्या केल्या, तेव्हा स्वीडनमधल्या गॅलिव्हारे इथल्या मॅग्नेटाइटने चांगला गुण दाखवला आणि त्याचं मर्म त्यात मिसळलेल्या इतर ऑक्साइडांत आहे हे हळूहळू उलगडलं. 1913 मध्ये ओपाऊला अमोनियाचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला, तो याच कुळातल्या उत्प्रेरकावर. आजही कुळ तेच आहे.

पण हा खडा तसाच व्हेसलमध्ये ठेवून नायट्रोजन आणि हायड्रोजन कितीही दाबाने फिरवला, तरी त्या ऑक्साइडच्या अंगी अमोनिया करण्याची ताकद नाही. आधी हायड्रोजनने त्यातला ऑक्सिजन काढून न्यावा लागतो. पुस्तकात याला क्षपण म्हणतात, प्लँटमध्ये रिडक्शन. मॅग्नेटाइटच्या वजनातला 27 टक्क्यांहून जास्त भाग ऑक्सिजनचा असतो. शुद्ध मॅग्नेटाइट 100 टन धरलं, तर त्यातून साधारण 31 टन पाणी बाहेर पडतं. इतकं सगळं निघून जातं, तरी खड्याचा बाहेरचा आकार जवळजवळ तसाच राहतो. आत मात्र जिथून ऑक्सिजन गेला तिथे बारीक बारीक पोकळ्या पडतात. ज्या खड्याच्या एका ग्रॅमला नाव घेण्याइतकंही आतलं पृष्ठफळ नव्हतं, त्याला आता 10 ते 20 चौरस मीटर मिळतं. एका ग्रॅममध्ये एका खोलीची फरशी! पोटॅश आणि ॲल्युमिना त्या पोकळ्यांच्या कडेला राहतात. ॲल्युमिना लोखंडाच्या कणांना एकमेकांत मिसळू देत नाही आणि पोटॅशमुळे नायट्रोजनचा घट्ट बंध तुटायला मदत होते. उत्प्रेरक तयार झाला तो इथे, आमच्या डोळ्यांसमोर, चार-सहा दिवसांत. ड्रममध्ये होता तो त्याचा कच्चा माल.

या दिवसांत आमचा एकच शत्रू असतो : पाणी. वरच्या थरात तयार झालेली वाफ खालच्या थरातल्या नुकत्याच घडलेल्या लोखंडावरून जाते आणि त्याला पुन्हा ऑक्साइड करू पाहते. पुन्हा रिडक्शन, पुन्हा ऑक्साइड, अशा ओढाताणीत बारीक कण एकत्र येऊन जाड होतात आणि कमावलेलं पृष्ठफळ कायमचं जातं. म्हणून बाहेर येणाऱ्या गॅसमधली वाफ दर तासाला मोजायची आणि ती वाढली की तापमान वाढवणं थांबवायचं. मी असे दोन रिडक्शन पूर्ण पाहिले आहेत. सेपरेटरमधून, म्हणजे गॅसमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यातून, निघणारं पाणी मोजून फळ्यावर खडूने लिहायचो. त्या पाण्याला अमोनियाचा वास यायला लागला की, आत लोखंड जागं झालं, हे कुणी न सांगता कळायचं.

आता त्याच प्लँटमधलं दुसरं व्हेसल. कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ यांच्यापासून हायड्रोजन करणारं, त्याला आम्ही हाय टेंपरेचर शिफ्ट म्हणतो. साधारण 350 ते 450 अंशांवर चालतं. यात भरतात त्या गोळ्या तांबूस-तपकिरी, हेमटाइटच्या, म्हणजे गंजाच्याच जातभाई, सोबत क्रोमियमचं ऑक्साइड. यांचंही रिडक्शन करायचं, पण अर्धंच. हेमटाइटपासून मॅग्नेटाइटपर्यंत यायचं आणि तिथेच थांबायचं. इथे मॅग्नेटाइट हाच उत्प्रेरक. लोखंडापर्यंत गेलो तर घात. लोखंड आणि त्याचं कार्बाइड तयार झालं की शिफ्टऐवजी भलत्याच अभिक्रिया सुरू होतात, हायड्रोकार्बन बनतात, कार्बन साठतो, गोळ्यांचा भुगा होतो, बेडमध्ये, म्हणजे रचलेल्या गोळ्यांच्या थरात, गॅसला अडथळा वाढतो.

त्याला मॅग्नेटाइटवर थोपवून कोण धरतं? वाफ. एकीकडे हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजन ओढत असतात, दुसरीकडे वाफ तो परत देत असते, आणि या दोघांच्या प्रमाणावर लोखंड कुठल्या रूपात राहायचं ते ठरतं. वाफेचं प्रमाण घटलं की तोल लोखंडाकडे झुकतो.

म्हणजे बघा बाई, वाफ तीच, मूलद्रव्य तेच. एका व्हेसलमध्ये आम्ही वाफेचा शेवटचा थेंब हुसकून लावतो आणि दुसऱ्यात तीच वाफ कमी पडू नये म्हणून अलार्म लावतो. तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, ‘लोखंड हा उत्प्रेरक आहे’ हे वाक्य अर्धं आहे. कुठल्या गॅसमधलं लोखंड, हे विचारल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

गंधकाचंही असंच आहे. नैसर्गिक वायू आणि वाफ यांच्यापासून हायड्रोजन काढणारी भट्टी म्हणजे रिफॉर्मर. वायूतला गंधक तिच्या नळ्यांतल्या निकेलला मारतो, म्हणून तो आधी काढायचा. तो सोडवून घ्यायला कोबाल्ट-मॉलिब्डेनमचा उत्प्रेरक असतो आणि तो काम करतो फक्त सल्फाइडच्या रूपात, म्हणजे स्वतः गंधक पोटात घेऊनच! सुटलेला गंधक पुढे झिंक ऑक्साइड धरून ठेवतं. निकेलचं विष ते मॉलिब्डेनमचं अन्न. माझ्या मते दहावीच्या मुलांना हे सहज कळेल, ऑक्साइडांची सूत्रं पाठ करण्यापेक्षा लवकर कळेल.

वर्गात दाखवण्याच्या प्रयोगाबद्दल शेवटी लिहितो.

प्रश्न : काका, मी मूळचा यवतमाळचा, सध्या गुजरातमधल्या एका कारखान्यात ट्रेनी आहे. आमच्याकडे लो टेंपरेचर शिफ्टच्या नव्या बेडचं रिडक्शन चालू आहे. नायट्रोजनमध्ये हायड्रोजन अगदी थेंब थेंब सोडतात. एक टक्क्याच्या जवळ काटा गेला की सीनियर ओरडतात. एवढी भीती कशाची? थोडा जास्त सोडला तर दोन दिवसांचं काम एका दिवसात होणार नाही का?

‘काका’ म्हणालास म्हणून मीही अरे-तुरे करतो. तुझे सीनियर ओरडतात ते योग्य करतात.

इतर वाचकांसाठी : लो टेंपरेचर शिफ्ट म्हणजे वरच्या शिफ्टचीच अभिक्रिया, पण कमी तापमानाला. तुझ्या बेडमध्ये कॉपर ऑक्साइड, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना आहे. हायड्रोजन कॉपर ऑक्साइडचं तांबं करतो आणि त्यात उष्णता बाहेर पडते, एका मोलला सुमारे 85 किलोज्यूल. ही उष्णता न्यायला नायट्रोजनशिवाय दुसरं कुणी नाही. वहीत हिशेब करून बघ. नायट्रोजनमध्ये 1 टक्का हायड्रोजन असेल आणि तो पूर्ण वापरला गेला, तर गॅस सुमारे 28 ते 29 अंशांनी तापतो. अर्धा टक्का म्हणजे 14. दोन टक्के म्हणजे 57. पाच टक्के म्हणजे 140 च्या वर. इनलेट, म्हणजे आत जाणारा गॅस, 200 अंशांना धरलंस तर तू कुठे पोचलास ते बघ.

तांबं 1085 अंशांना वितळतं, मग 300 ला काय बिघडतं, असं मीही तुझ्या वयात विचारलं होतं. पत्रा वितळतो 1085 ला. पण इथे तांब्याचे कण काही नॅनोमीटरचे आहेत. एवढ्याशा कणांतले पृष्ठभागावरचे अणू त्याच्या कितीतरी आधी हलायला लागतात. शेजारचा कण भेटला की दोघांचा एक होतो. वजन तेच, तांबं तेच, पण गॅसला भेटायला जागा कमी. त्यातून पुढे वाफ जास्त असेल तर ते आणखी सोपं होतं. आणि हे उलटत नाही. लोखंडाच्या कन्व्हर्टरमध्ये ऑक्सिजनच्या अंशाने थोडं नुकसान झालं, तर स्वच्छ गॅस फिरवून ते बरंचसं भरून येतं. मोठा झालेला तांब्याचा कण मात्र पुन्हा लहान करता येत नाही.

आता माझ्यावर गुदरलेलं सांगतो. मी तेव्हा शिफ्ट इंजिनिअर होतो, पहाटेचे तीन-सव्वातीन झाले होते. इनलेट 205, गॅसमधला हायड्रोजन मोजणाऱ्या ॲनालायझरवर 0.6 टक्के, सगळं सुरळीत. पॅनेलवरचा मुलगा म्हणाला, ‘साहेब, चार नंबरचा थर्मोकपल 231 दाखवतोय.’ थर्मोकपल म्हणजे बेडमधलं तापमान सांगणारी तार. मी ॲनालायझरकडे पाहिलं. 0.6. म्हटलं, थर्मोकपल जरा चढा असेल. पाच मिनिटांनी 246. तरी ॲनालायझर 0.6. इथे माझी चूक झाली. मी आकड्यावर विश्वास ठेवला आणि बेडवर नाही. 270 ला गेल्यावर हायड्रोजन तोडायला सांगितलं, तोवर आत शिरलेला गॅस जळतच होता. काटा 318 ला जाऊन टेकला आणि मग उतरला. सकाळी उजेडात पाहिलं, तर ॲनालायझरच्या सँपल लाइनमध्ये पाणी साठून ती तुंबली होती आणि तो तासाभरापूर्वीचाच गॅस मोजत बसला होता. मागाहून हिशेब केला. 205 वरून 318 म्हणजे 113 अंश, म्हणजे व्हेसलमध्ये जाणारा हायड्रोजन 4 टक्क्यांच्या आसपास होता. एक कंट्रोल व्हॉल्व्ह बंद दाखवत असताना गॅस पास करत होता.

तो बेड चालला, पण त्याच्यातला दम गेलेला होता. वर्षभरात बाहेरचा कार्बन मोनॉक्साइड चढायला लागला. निरोगी बेडमधून तो 0.2-0.3 टक्क्यांवर येतो. जो बेड चार-पाच वर्षं टिकायचा, तो आम्हाला दुसऱ्या वर्षी काढावा लागला. ते ड्रम उतरताना मी तिथे उभा राहिलो होतो. कुणी मला काही बोललं नाही, आणि ते जास्त लागलं.

म्हणून तुला तीन गोष्टी सांगतो. पहिली, बेडमधले थर्मोकपल आणि ॲनालायझर यांचं पटत नसेल तर बेडचं खरं मान, हायड्रोजन तोड, मग चौकशी कर. दुसरी, तोडायचा तो हायड्रोजन. नायट्रोजन चालू ठेवायचा. घाबरून सगळंच बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. उष्णता वाहून नेणारा थांबला की ती बेडमध्येच अडकते. तिसरी, सेपरेटरमधलं पाणी मोजत राहा. 1 किलो हायड्रोजन वापरला गेला की 9 किलो पाणी मिळालंच पाहिजे. पाणी हिशेबापेक्षा वेगाने येतंय म्हणजे हायड्रोजन तुला माहीत असल्यापेक्षा जास्त जातोय. ही तपासणी त्या रात्री मी केली असती तर 231 लाच थांबलो असतो.

आणि शेवटी, आत जाणारा आणि बाहेर येणारा हायड्रोजन सारखा झाला, तो हळूहळू वाढवूनही तापमान हललं नाही, की समज झालं. मग झोप.

प्रश्न : मी साताऱ्यात टुरिस्ट गाडी चालवतो. पेट्रोल कार, बीएस-6. गॅरेजवाला म्हणाला की घाट उतरताना गिअरमध्ये गाडी सोडली तर सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर परिणाम होतो. खरं का? मग न्यूट्रलमध्ये उतरू का?

न्यूट्रलमध्ये कृपा करून उतरू नका. खंबाटकी असो की पसरणी, उतारावर गिअर हाच पहिला ब्रेक. कन्व्हर्टरपेक्षा मागे बसलेली माणसं मोलाची.

गॅरेजवाल्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण नुकसान नाही. कन्व्हर्टर म्हणजे धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणारा, उत्प्रेरक भरलेला डबा. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की गाडीचा कॉम्प्युटर इंजिनाचं पेट्रोल तोडतो. इंजिन नुसती हवा ओढतं आणि ती हवा तशीच कन्व्हर्टरमधून जाते. त्यातल्या पॅलॅडियमच्या कणांवर ऑक्साइड चढतं. सोबतचं सेरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवणारं आहे. ते काठोकाठ भरतं. अशा भरलेल्या अवस्थेत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जाळायला कन्व्हर्टर तयार असतो, पण नायट्रोजनच्या ऑक्साइडांतला ऑक्सिजन काढून घ्यायला तो तयार नसतो. आधीच पोट भरलेलं आहे. म्हणून उतार संपून तुम्ही पुन्हा पाय दिलात की कॉम्प्युटर काही क्षण जरा जास्त पेट्रोल देतो, साठा रिकामा करतो, धातू पुन्हा धातू होतो.

सरळ रस्त्यावरही हे लहान प्रमाणात सतत चालू असतं. 1 किलो पेट्रोलला 14.7 किलोच्या आसपास हवा, या रेषेच्या थोडं इकडे थोडं तिकडे असा कॉम्प्युटर मिश्रण हलवत ठेवतो आणि सेरियम ऑक्सिजन घेत-देत तो हेलकावा सोसतो. तुम्ही साताऱ्याहून पुण्याला पोचेपर्यंत तुमचा उत्प्रेरक हजारो वेळा बदललेला आणि परत आलेला असतो.

खरं नुकसान होतं ते स्पार्क प्लग किंवा कॉइल खराब असताना तशीच गाडी दामटल्याने. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतली जाळी लालभडक होते, धातूचे कण मोठे होतात, कधी जाळीच वितळते. इंजिन झटके देत असेल आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर बाजूला घ्या. पूर्वीच्या शिसं घातलेल्या पेट्रोलने तर उत्प्रेरक कायमचा मरायचा. आपल्या देशात ते पेट्रोल फेब्रुवारी 2000 पासून बंद झालं, हे फार चांगलं झालं.

प्रश्न : आमचं गाव एका रासायनिक कारखान्याला लागून आहे. शटडाउनमध्ये कामाला गेलेल्या पोरांनी सांगितलं की जुना उत्प्रेरक बाहेर काढताना तो आपोआप तापून धुमसायला लागला. हे धोक्याचं आहे का?
– एक ग्रामस्थ, रायगड जिल्हा

आहे, आणि यावर मोघम बोलणं मला जमणार नाही.

वर सांगितलं तसं रिडक्शन झालेलं लोखंड, निकेल, तांबं हे अतिशय बारीक कणांचं असतं. हायड्रोजनच्या वातावरणात ते शांत असतं. हवा लागली की झपाट्याने ऑक्सिजन घेतं आणि तापतं. लोखंडाचा खडा अंधारात निखाऱ्यासारखा दिसतो. म्हणून काढण्याआधी दोनपैकी एक करतात. एक तर नायट्रोजनमध्ये अगदी थोडी थोडी हवा मिसळून, तापमानावर नजर ठेवून, वरचा थर ऑक्साइड करून घ्यायचा. नाहीतर नायट्रोजनखालीच काढून ड्रममध्ये भरायचा आणि झाकणं घट्ट लावायची. तुमच्या पोरांनी पाहिलं त्यावरून यातलं काहीतरी नीट झालं नसावं.

यापेक्षा मोठे धोके दिसत नाहीत, म्हणून ते आधी समजले पाहिजेत. एक, नायट्रोजन. नायट्रोजन भरलेल्या व्हेसलच्या तोंडाशी डोकं खाली घालून वाकलं तरी माणूस दोन श्वासांत बेशुद्ध पडतो. ना वास, ना गुदमरल्याची जाणीव. बाहेरून हवेची नळी जोडलेला मास्क, कमरेला दोर आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला जागा माणूस, एवढं असल्याशिवाय कुणीही आत उतरता कामा नये. ठेकेदाराचा असो की कायम. दोन, निकेल असलेल्या व्हेसलमध्ये तापमान साधारण 200 अंशांच्या खाली आलेलं असताना कार्बन मोनॉक्साइड राहून गेला, तर निकेल कार्बोनिल तयार होतं. 1890 मध्ये लुडविग मोंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पहिल्यांदा जगाला दाखवलं. निकेलसारखा धातू वायू होऊन उडून जातो, हे रसायनशास्त्रातलं एक नवल, पण माणसाला ते अत्यंत विषारी. म्हणून गार करण्याआधी गरम असतानाच कार्बन मोनॉक्साइड पूर्ण हुसकून नायट्रोजन भरायचा, हा क्रम कधी बदलायचा नाही. तीन, शिफ्टच्या गोळ्यांतलं क्रोमियम. त्याचं एक रूप कॅन्सरला कारण होतं, त्यामुळे ती धूळ नाकातोंडात जाऊ द्यायची नाही आणि कपडे तिथेच बदलायचे.

पोरांना सांगा, कामाला जाण्याआधी विचारायचं : ‘आत कुठला गॅस आहे आणि तो कुणी, केव्हा तपासला?’ हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. उत्तर मिळेपर्यंत शिडीवर पाय ठेवायचा नाही.

प्रश्न : चालू असलेल्या उत्प्रेरकाचा कण गॅसमध्ये आकार बदलतो असं तुम्ही लिहिलंत. हे कुणी प्रत्यक्ष पाहिलं आहे, की फक्त अनुमान आहे?
– एमएस्सीची विद्यार्थिनी, नांदेड

पाहिलं आहे, आणि ते फोटो मी पहिल्यांदा पाहिले त्या दिवशी मला तो 318 अंशांचा बेड आठवला.

अडचण अशी होती की इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला निर्वात पोकळी लागते आणि उत्प्रेरकाला गॅस. गॅस काढून घेतला की दिसतो तो काम थांबवलेला उत्प्रेरक. डेन्मार्कमधल्या हाल्डोर टॉप्सो या कंपनीच्या संशोधकांनी नमुन्याभोवती थोडासा गॅस राहील अशी सोय केली आणि 2002 मध्ये तुमच्या-आमच्या ओळखीचाच उत्प्रेरक, झिंक ऑक्साइडवरचे तांब्याचे कण, दाखवला. हायड्रोजनमध्ये त्या कणांना ठसठशीत पैलू होते. वाफ मिसळली तर ते गोलसर झाले. वाफेऐवजी कार्बन मोनॉक्साइड मिसळला तर चपटे होऊन झिंक ऑक्साइडला बिलगले. गॅस बदलला की आकार परत फिरला. दाब अगदी थोडा होता, कारखान्यातल्या दाबाच्या जवळपासही नाही, हे ध्यानात ठेवा. पण कण गॅसप्रमाणे अंग बदलतो यात शंका उरली नाही. 2004 मध्ये तिथल्याच मंडळींनी निकेलच्या कणातून कार्बनचा तंतू वाढताना टिपला. कण लांबतो, मग झटक्यात आखडतो, पुन्हा लांबतो. रिफॉर्मरमध्ये वाफ कमी पडली की हेच तंतू गोळ्या फोडतात. आम्हाला बाहेरून दिसायचे ते नळ्यांवरचे लाल पट्टे.

मागे गेलात तर आणखी मोठी कामं सापडतील. अमोनियाच्या लोखंडाचं खरं पृष्ठफळ मोजायचं कसं, या गरजेतून एमेट आणि ब्रुनाउर यांचं काम सुरू झालं. त्यातून टेलरसोबत 1938 मध्ये आलेली पद्धत तुमच्या प्रयोगशाळेत बीईटी म्हणून आजही वापरत असतील. गेरहार्ट एर्टल यांनी लोखंडावर नायट्रोजन कसा तुटतो ते टप्प्याटप्प्याने उलगडलं. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइड बसला की वरच्या अणूंची मांडणीच बदलते आणि त्यामुळे अभिक्रियेचा वेग घड्याळासारखा कमी-जास्त होत राहतो, हेही त्यांनी दाखवलं. 2007 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. एक्झॉनच्या प्रयोगशाळेतलं टॉस्टर यांचं 1978 मधलं कामही वाचा. टायटॅनियम ऑक्साइडवर बसवलेलं प्लॅटिनम हायड्रोजनमध्ये 500 अंशांपर्यंत तापवलं, तर ते हायड्रोजनला धरेनासं होतं. ऑक्सिजन देऊन, पुन्हा सौम्य रिडक्शन केलं की पूर्ववत होतं. आधार म्हणून खाली ठेवलेला पदार्थही गॅसनुसार वागतो, हे त्यातून कळलं.

पुण्याला जाणं जमत असेल तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जा. तिथे उत्प्रेरकांवर काम करणारी माणसं आहेत. प्रश्न मात्र घेऊन जा. ‘उत्प्रेरकावर काम करायचं आहे’ असं म्हणू नका. ‘ह्या गॅसमध्ये ह्या धातूचं काय होतं ते बघायचं आहे’ असं म्हणा.

आता चिपळूणच्या बाईंचा राहिलेला प्रयोग. तांब्याची जाडसर तार स्वच्छ घासून पेन्सिलीभोवती गुंडाळा आणि तिची स्प्रिंग करा. तारेचं टोक चिमट्यात धरून बर्नरच्या निळ्या ज्योतीच्या कडेला तापवा. तार काळी पडेल. हे कॉपर ऑक्साइड. आमच्या शिफ्टच्या बेडमध्ये भरतात तेच. एका परीक्षानळीत बोटभर उंचीचं स्पिरिट घ्या. ती बर्नरपासून दूर, दुसऱ्या टेबलावर स्टँडमध्ये लावा, आणि बाटली झाकण लावून कपाटात ठेवा. गरम काळी तार स्पिरिटच्या वर, वाफेत धरा, द्रवात बुडवू नका. काळेपणा जाऊन तार लालसर चकचकीत होईल आणि नळीच्या तोंडाशी उग्र, फळासारखा वास येईल. स्पिरिटने ऑक्सिजन काढून घेतला, तांबं तयार झालं. हा प्रयोग तुम्ही स्वतः करा, खिडक्या उघड्या ठेवा, मुलांना दोन हात लांब उभं करा आणि वास दुरून हाताने वारा घेऊन हुंगायला सांगा.

मग ती लाल तार पुन्हा ज्योतीच्या कडेला न्या. काळी होईल. पुन्हा वाफेत, पुन्हा लाल. चार-पाच वेळा करा आणि तुमच्या त्या विद्यार्थिनीला विचारा, की तार आत्ता कुठल्या गॅसमध्ये आहे ते डोळे मिटून नुसता रंग ऐकून सांगता येईल का. तिला येईल.